आमचे बारा गुंठे

परवा नगरला चुलतभावाकडे जाणं झालं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, २०२४ पासून. तोंडातून अजून नगरच निघतं.) जेवणं झाली, पानं लावून झाली आणि गाडी नेहमीच्या रुळावर आली: आपले बारा गुंठे.

घरच्यांना पाठ आहे, बाकी मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे इनामाचा एक मोडी कागद आहे, त्यात जमीन चार बिघे. सातबारावर तीच जमीन १ हेक्टर ९ आर, म्हणजे २ एकर २८ गुंठे. "बिघा म्हणजे पाऊण एकर" हे आजोबांच्या पिढीचं ठरलेलं गणित. चार बिघ्यांचे तीन एकर व्हायला हवेत. बारा गुंठे कमी! माझ्या आजोबांनी, म्हणजे धाकट्यांनी, थोरल्यांवर ठपका ठेवला की त्यांनी ते परस्पर विकले. पुढे दोघं भाऊ एकमेकांच्या घरच्या लग्नालासुद्धा गेले नाहीत.

तर यावेळी म्हटलं, बिघा खरंच पाऊण एकर असतो का ते तरी बघू.

सभासद बखरीत शिवकालीन मोजणी दिली आहे. हात १४ तसूंचा. पाच हात आणि पाच मुठी मिळून ८० तसूंची एक काठी. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. इतकं चोख! फक्त एक गोष्ट राहते. हात कुणाचा?

हात १८ इंची धरला तर काठी साधारण १०३ इंचांची होते आणि बिघा भरतो २७ गुंठे. तोच १९ इंची धरा, बिघा ३० गुंठे. एका इंचाला तीन गुंठे! चावराला हा फरक नऊ एकरांच्या वर जातो. मी तीनदा ताडून पाहिलं. शिवाय बिघा सगळीकडे सारखा नव्हताच. हलक्या जमिनीचा बिघा मोठा धरायची रीतही बऱ्याच ठिकाणी होती, कारण सरकारला क्षेत्रापेक्षा पिकाशी मतलब. आपल्या नगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने जमाबंदी बसवली, पुढे १६५० च्या दशकात मोगलांच्या दख्खनमध्ये मुर्शिद कुलीखानाने मोजणीवर जोर दिला. इतक्या जणांच्या हातून गेलेला बिघा एकसारखा राहील कसा?

इंग्रजांनी हात बाजूला ठेवून लोखंडी साखळी आणली. विंगेट आणि गोल्डस्मिड यांची मोजणी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली आणि मग दख्खनभर पसरली. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. शब्द देशी, माप विलायती. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक आलं आणि पुढे सातबारावर हेक्टर-आर आले. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर बरोबर १००. म्हणून आमच्या १०८ गुंठ्यांचे १०९ आर दिसतात. पुतण्या खूष, "काका, एक गुंठा वाढला!" असो.

मुद्दा असा की १८ इंची हात धरला तर चार बिघ्यांचे बरोबर १०८ गुंठे होतात. कुणी काही विकलेलं नाही. १९ इंची धरला तर बारा गुंठे गायब.

वहिनींनी शिवणाची टेप आणली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भावाचा हात अठरा इंच भरला. तो थोरल्यांचा नातू. माझा एकोणीस.

जुन्या आकारबंदाची नक्कल मिळावी म्हणून अर्ज केला आहे. अर्जावर दोघांच्या सह्या आहेत.