यादीत नसलेली नावे

माझ्या लहानपणी भारताचा क्रिकेट संघ आमच्या घरात रेडिओतून यायचा. बातम्यांच्या शेवटी निवेदक निवड झालेल्यांची नावे वाचू लागला की अब्बा हातातले काम बाजूला ठेवत. यादी संपली की आम्हा मुलांना कोण आत आले याचा आनंद. अब्बांचा प्रश्न मात्र ठरलेला असे, ‘कोण राहिला?’ तेव्हा मला तो प्रश्न रडका वाटायचा. आनंदाच्या वेळी राहिलेल्यांची चौकशी कशाला? पुढे इतिहास वाचायचा नाद लागला आणि अब्बांच्या प्रश्नाचे वजन कळत गेले.

आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे तो आपल्या गल्लीतला नाही. लंबगोल चेंडू, पंधरा विरुद्ध पंधरा गडी, अंगाला अंग भिडवून धावायचे, असा हा रग्बीचा खेळ. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर तो खेळला जातो, पण आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. न्यूझीलंडमध्ये मात्र त्याला आपल्याकडच्या क्रिकेटचे स्थान आहे. तिथल्या राष्ट्रीय संघाला ‘ऑल ब्लॅक्स’ म्हणतात, दक्षिण आफ्रिकेच्या संघाला ‘स्प्रिंगबॉक’. या दोन संघांच्या वैराच्या कथा खूप आहेत. मला सांगायची आहे ती त्यांच्या निवडीची कथा.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी. त्यांनी हा खेळ लवकर आपलासा केला. १८८८-८९ मध्ये प्रामुख्याने माओरी खेळाडूंचा एक संघ ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला आणि घरचे सामने धरून तब्बल १०७ सामने खेळून परतला. १८९३ साली न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेपुढे काळी जर्सी आणि त्यावर रुपेरी नेच्याचे पान असा गणवेश सुचवला तो टॉम एलिसन या माओरी खेळाडूने. त्या वर्षी संघटनेने पाठवलेल्या पहिल्या अधिकृत संघाचा कर्णधारही तोच. म्हणजे आज जगभर ओळखला जाणारा तो काळा सदरा एका माओरी माणसाची देणगी आहे. हे लक्षात ठेवू या, कारण पुढे त्याच सदऱ्यासाठी माओरींना दार बंद झाले.

पहिला फटका ज्याला बसला तो माओरी नव्हता. त्याचे नाव नॅथॅनिएल विल्सन. वडील वेस्ट इंडियन, आई इंग्रज. मित्र त्याला ‘रणजी’ म्हणत, आपल्या रणजितसिंहजींवरून, कारण तो सावळा होता. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, न्यूझीलंडच्या सैनिकांचा संघ मायदेशी परतताना दक्षिण आफ्रिकेत खेळायला थांबला. विल्सन नावाजलेला खेळाडू, युद्धापूर्वी ऑल ब्लॅक्सकडून खेळलेला. पण त्याच्या रंगामुळे त्याला या दौऱ्यातून वगळले गेले. योगायोग पाहा. ज्या रणजींचे नाव त्याला मिळाले होते, त्यांनाही १८९६ मध्ये इंग्लंडच्या संघात लॉर्ड्सच्या कसोटीसाठी घेतले नव्हते. त्या काळी ज्याचे मैदान त्याची निवड समिती, असा रिवाज होता. मँचेस्टरच्या समितीने पुढच्या कसोटीत त्यांना घेतले आणि त्यांनी ६२ आणि नाबाद १५४ धावा काढल्या. रणजींना दुसरी समिती भेटली. विल्सनला तशी समिती भेटली नाही.

१९२१ मध्ये स्प्रिंगबॉक संघ न्यूझीलंडला आला. नेपियर गावी त्यांचा सामना माओरी संघाशी झाला. पाहुणे ९-८ असे जेमतेम जिंकले. त्यानंतर त्यांच्याबरोबर आलेल्या एका वार्ताहराने मायदेशी पाठवलेली तार फुटली आणि वर्तमानपत्रात छापून आली. गोरे प्रेक्षक आपल्याच वंशाच्या खेळाडूंविरुद्ध काळ्या माणसांना प्रोत्साहन देत होते, याची त्या गृहस्थाला किळस आली होती. न्यूझीलंडमध्ये संताप झाला. पण सात वर्षांनी न्यूझीलंडचा संघ दक्षिण आफ्रिकेला निघाला, तेव्हा त्यात एकही माओरी नव्हता.

आता १९२८ च्या त्या यादीत कोण राहिला ते पाहा. जॉर्ज नेपिया. १९२४-२५ च्या ब्रिटन-फ्रान्सच्या दौऱ्यात हा एकोणीस वर्षांचा पोरगा एकही सामना न चुकवता खेळला होता आणि संघ एकही सामना हरला नव्हता. बचावाच्या शेवटच्या जागेवर, फुलबॅकला, त्याच्या तोडीचा माणूस तेव्हा जगात शोधावा लागला असता. पण तो माओरी होता. डर्बनच्या पहिल्या कसोटीत न्यूझीलंड ०-१७ असे हरले. मालिका शेवटी २-२ अशी बरोबरीत सुटली. नेपिया असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. प्रश्न तो नाहीच. त्याच्या खेळावर चर्चा होऊन तो वगळला गेला असता तर ती निवड म्हटली असती. इथे त्याच्या खेळाची चर्चा व्हायचे कारणच उरले नव्हते.

मंडळी, निवडीवरचे वाद आपल्याला नवे नाहीत. याला का घेतले, त्याला का बसवले, यावर पानपट्टीच्या टपरीवर तासभर भांडण होते आणि ते निरोगी असते. आपल्याकडच्या बाळू पालवणकरांचीही आठवण येते. हा असामान्य गोलंदाज हिंदू संघाचा आधारस्तंभ होता, पण जातीमुळे कर्णधारपद कधी त्याच्या वाट्याला आले नाही. निदान त्यावर उघड वाद झाला आणि १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल त्याच संघाचा कर्णधार झाला. वाद होतो तेव्हा वाट उघडते. सगळ्यात वाईट निवड ती, जी बैठक सुरू होण्याआधीच झालेली असते.

१९४९ साली पुन्हा तेच. दुसऱ्या महायुद्धात माओरी बटालियनचे सुमारे ३,६०० जवान लढले होते, ६४९ मारले गेले होते. त्यांच्याबरोबर लढलेले जनरल हॉवर्ड किपेनबर्गर यांनी माओरींना वगळण्याचा जाहीर निषेध केला. ऐकतो कोण? गोरा संघ दक्षिण आफ्रिकेला गेला. मागे राहिलेल्या खेळाडूंचा संघ मायदेशी ऑस्ट्रेलियाशी खेळला आणि त्याचा कर्णधार होता जॉनी स्मिथ, माओरी. ३ सप्टेंबर १९४९ या एकाच तारखेला न्यूझीलंड दोन कसोटी सामने हरले. एक डर्बनला ३-९ असा, दुसरा वेलिंग्टनला ६-११ असा. दक्षिण आफ्रिकेतली मालिका ०-४ अशी गेली. परक्याची अट मान्य करून एका देशाने आपल्याच संघाचे दोन तुकडे केले होते.

१९६० च्या दौऱ्याआधी मात्र लोक उठले. ‘माओरी नाहीत तर दौरा नाही’ ही घोषणा झाली. चोवीस लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात दीड लाखाहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. समर्थकांचे म्हणणे काय होते? तिथे नेले तर माओरींचा अपमान होईल, म्हणून त्यांच्या भल्यासाठीच त्यांना नेत नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी. खेळात राजकारण आणू नये. हे युक्तिवाद ऐकताना मला आपल्याकडच्या किती बैठका आठवतात! ज्याला वगळायचे त्याची काळजी वाहणारे लोक सगळीकडे असतात. आणि खेळात राजकारण नको म्हणताना हे विसरले जाते की यादीतून नाव गाळले त्याच क्षणी राजकारण झालेले असते, विरोध करणारा ते फक्त मोठ्याने वाचून दाखवतो. त्याच वर्षी २१ मार्चला शार्पव्हिल इथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली. पंतप्रधान वॉल्टर नॅश यांनी हस्तक्षेप केला नाही. संघ गेला.

त्या दौऱ्यांत दक्षिण आफ्रिकेच्या मैदानांवर गोरेतर प्रेक्षकांना, त्यात भारतीय वंशाचेही आले, कुंपणाच्या वेगळ्या भागात बसवत. ते बहुधा पाहुण्यांच्या बाजूने ओरडत. आपल्या देशाचा संघ त्यांना आपला वाटत नव्हता. कसा वाटावा? पूर्व केप भागात एकोणिसाव्या शतकापासून कृष्णवर्णीयांचे रग्बी क्लब होते. पण स्प्रिंगबॉकची जर्सी गोऱ्यांसाठी राखलेली होती.

१९६५ मध्ये पंतप्रधान फेरवूर्ड यांनी माओरी चालणार नाहीत असे पुन्हा बजावले, तेव्हा न्यूझीलंडने १९६७ चा दौराच नाकारला. बहिष्काराने जे होते ते विनंतीने झाले नव्हते. १९७० मध्ये माओरींना आणि सामोअन वंशाच्या ब्रायन विल्यम्सला प्रवेश मिळाला, पण कसा? ‘मानद गोरे’ म्हणून. म्हणजे आत या, पण येताना आपण जे आहोत ते दाराबाहेर ठेवा. विल्यम्सने त्या दौऱ्यात चौदा ट्राय केले आणि कुंपणापलीकडच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले.

१९८१ मध्ये स्प्रिंगबॉक न्यूझीलंडला आले तेव्हा निवडीचा प्रश्न उलटा झाला. ऑल ब्लॅक्सचा कर्णधार ग्रॅहम मोरी याने आपण या संघाविरुद्ध खेळणार नाही असे सांगून यादीतून स्वतःचे नाव काढून घेतले. हॅमिल्टनला निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. ऑकलंडच्या कसोटीवर विमानातून पिठाच्या पुड्या पडल्या. घराघरांत भांडणे झाली. पण ज्या प्रश्नावर १९२८ मध्ये देश गप्प होता, त्यावर तो आता बोलत होता.

वर्णभेदाची राजवट संपली. १९९५ चा विश्वचषक दक्षिण आफ्रिकेत झाला. नेल्सन मंडेला कर्णधाराच्या सहा क्रमांकाची जर्सी घालून मैदानात आले आणि संघ १५-१२ असा जिंकला, हे दृश्य आपण चित्रपटातही पाहिले आहे. त्या संघात एकच कृष्णवर्णीय खेळाडू होता, चेस्टर विल्यम्स. त्याचा चेहरा स्पर्धेच्या जाहिरातींवर सगळीकडे होता. दुखापतीमुळे तो आधी संघाबाहेर राहिला, मग आला आणि उपांत्यपूर्व सामन्यात सामोआविरुद्ध त्याने चार ट्राय केले. पण २००२ साली आलेल्या चरित्रात त्याने आपल्या वाट्याच्या एकटेपणाबद्दल सांगितले, तेव्हा अनेकांना धक्का बसला.

मला बसला नाही. मी मराठीत कविता लिहितो. राष्ट्रीय एकात्मतेचे कविसंमेलन असले की मला हमखास बोलावणे येते. संयोजक प्रेमाने स्वागत करतात, शाल देतात. त्याच संयोजकांनी पावसाच्या कवितांचे संमेलन भरवले, तेव्हा माझी आठवण कुणाला झाली नाही. माझ्या संग्रहात पावसाच्या कविता कमी नाहीत. राग नाही माझा. पण वगळले जाणे आणि प्रतीक म्हणून घेतले जाणे, या दोन्हींत आपला खेळ कुणी पाहिलेला नसतो, एवढे मला स्वानुभवाने कळले आहे.

म्हणून दक्षिण आफ्रिकेत पुढे चाललेला वाद मला दोन्ही बाजूंनी समजतो. संघात गोरेतर खेळाडू किती हवेत याची उद्दिष्टे ठरली. २०१९ पर्यंत निम्मे, असे एक उद्दिष्ट होते. टीकाकार म्हणाले, निवड गुणवत्तेवर व्हावी. काही कृष्णवर्णीय खेळाडूही वैतागत, कारण कितीही चांगले खेळले तरी ‘कोट्यातला’ हा शिक्का पुसला जात नसे. हे दुःख खरे आहे. पण गुणवत्ता ही झाडाला लागलेली तयार वस्तू नाही. तिला मैदान लागते, बूट लागतात, दोन वेळचे जेवण लागते आणि पाहणारा एक डोळा लागतो. सिया कोलिसी पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे या गरीब वस्तीत १९९१ साली जन्मला. बाराव्या वर्षी एका चांगल्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तो पुढे आला. २०१८ मध्ये तो स्प्रिंगबॉकचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला. २०१९ च्या अंतिम सामन्यात पहिल्या पंधरांत सहा कृष्णवर्णीय होते. इंग्लंड ३२-१२ असे हरले आणि दोन्ही ट्राय मापिम्पी आणि कोल्बे यांनी केले. ते उपकारापोटी संघात आले होते, असे त्यानंतर कोण म्हणणार? २०२३ मध्ये कोलिसीच्याच नेतृत्वाखाली तो संघ न्यूझीलंडला १२-११ असे हरवून पुन्हा जगज्जेता झाला. झ्वीडेत अशी आणखी किती मुले शिष्यवृत्तीवाचून राहिली, हे मात्र कुठल्या गुणफलकावर लिहिलेले नाही.

२०१० च्या मे महिन्यात न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने १९२८, १९४९ आणि १९६० च्या दौऱ्यांसाठी ज्यांचा विचारच झाला नाही अशा माओरी खेळाडूंची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागितली. दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेनेही मागितली. उशिरा का होईना, माफी मोठ्या मनाची गोष्ट आहे. पण जॉर्ज नेपिया १९८६ मध्येच गेला होता. ती ऐकायला तो नव्हता.

न्यूझीलंडमध्ये निवडचाचणीचा सामना संपला की स्टँडखाली उभे राहून संघाची नावे वाचून दाखवायची पद्धत बरीच वर्षे होती. घाम न पुसता खेळाडू कान लावून ऐकत. मी कल्पना करतो, १९२८ साली नेपियाच्या गावात कुणीतरी ती यादी ऐकली असेल आणि विचारले असेल, कोण राहिला?

आमचे अब्बा आता नाहीत. संघ हल्ली मोबाइलवर कळतो. माझा मुलगा नावे वाचून दाखवतो आणि माझ्या तोंडून तोच प्रश्न निघतो. तो हसतो. मी त्याला म्हणतो, विचारत राहा बेटा. न घेतलेल्याचे कारण विचारणारे कुणीतरी घरात असावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)