इंकजेट मुद्रण, चिवट पॉलिमरचे
सर्किट थरावर थर छापून घडवताना त्यातील विद्युत्‌रोधक भाग ठिसूळ राहू नये म्हणून योजलेली पद्धत. चांदीच्या नॅनोकणांची शाई आणि ॲक्रिलेट शाई वेगवेगळ्या मुद्रणशीर्षांतून पिकोलिटरभर थेंबांनी पडतात. पहिली उष्णतेने वाहक होते, दुसरी अतिनील प्रकाशात घट्ट होते. इस्राएलमध्ये सुरू झालेल्या नॅनो डायमेन्शन कंपनीची ‘ड्रॅगनफ्लाय’ यंत्रे याच जोडीवर चालतात.

खरी अडचण मुद्रणशीर्षाच्या तोटीची. तिला साधारण १० ते २० मिलिपास्कल-सेकंद श्यानतेची पातळ शाईच मानवते. त्यासाठी लहान रेणू घ्यावे, तर त्यांचे जाळे दाट विणले जाते आणि थर काचेसारखा तडकतो. युरेथेन ॲक्रिलेटच्या लांब साखळ्या मिसळल्या की चिवटपणा येतो, पण शाई दाटते. मग मुद्रणशीर्ष तापवावे लागते. थर फार मऊ झाला, तर तापल्यावर जास्त फुगतो आणि चांदीची रेघ तुटू शकते. सर्किटवर सुटे भाग जोडायला लागणारे नेहमीचे शिसेविरहित डाख २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. तिथे बरीच ॲक्रिलेटे टिकत नाहीत.

घाऊक उत्पादनात मात्र तांबे कोरून केलेला साधा बोर्डच स्वस्त पडतो. छापील सर्किट परवडते ते नमुन्यांसाठी आणि वेड्यावाकड्या आकारांसाठी.