ब्राझीलचं आडनाव, मुंबईचा कोळी

कोळी म्हटलं की आपल्याला जाळंच आठवतं. पण काही कोळी जाळं विणत नाहीत. ते जमिनीत बीळ खणतात, आतून रेशमाचं अस्तर लावतात आणि तोंडावर माती-रेशमाचं झाकण बसवतात, चक्क बिजागरीसकट! रात्री झाकणाआड दबा धरून बसायचं, किडा जवळून गेला की झडप घालायची, की दार बंद.

२००५ साली सिलिवाल, मोलूर आणि बिस्वास या अभ्यासकांनी अशा एका भारतीय कोळ्याला नाव दिलं, इडिऑप्स बॉम्बेएन्सिस. त्यातलं बॉम्बे कळलं. पण इडिऑप्स कुठून आलं? तर थेट ब्राझीलहून!

स्पिक्स आणि मार्टियस हे बव्हेरियाचे दोन निसर्गअभ्यासक १८१७ ते १८२० ब्राझीलभर हिंडले. त्यांनी आणलेल्या किड्या-कोळ्यांचं वर्णन पेर्टीने केलं. त्यात एक कोळी विचित्र निघाला. आठांपैकी दोन डोळे पार पुढे, कपाळाच्या कडेला आणि उरलेले सहा मागे. १८३३ मध्ये पेर्टीने त्याच्यासाठी इडिऑप्स ही नवी प्रजाती केली. १८३८ मध्ये ग्वेरँने ब्राझीलच्याच दुसऱ्या एका कोळ्यासाठी अकँथोडॉन हे नाव काढलं. १९०० मध्ये लंडनच्या पोकॉकने भारतातल्या कोळ्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा आपले झाकणवाले कोळी त्याने या अकँथोडॉनमध्ये घातले. पुढे ठरलं की दोन्ही प्रजाती एकच. अशा वेळी जुनं नाव टिकतं, हा नियम. म्हणजे लग्न न होताच आपल्या कोळ्यांचं आडनाव बदललं! कुलाचंही तेच. टेनिझिडे या मोठ्या कुलात मोडणाऱ्या या मंडळींना रेव्हनने १९८५ मध्ये इडिऑपिडे हे स्वतंत्र कुल दिलं.

मजा बाजूला ठेवू. हे वर्गीकरण इतकं रखडतं, कारण मादी वर्षानुवर्षं बिळातच राहते आणि नर बाहेर पडतो तो जोडीदारीण शोधायला. जात ओळखायला बहुधा नराचे अवयव तपासावे लागतात. नर एकीकडे, मादी दुसरीकडे सापडली, तर जोडी जुळवायची कशी? त्यासाठी बिळं जागेवर राहायला हवीत. पिल्लंही फार लांब जात नाहीत, आईच्या आसपासच बीळ करतात. त्यामुळे एक दरड गेली की अख्खी वस्ती जाते.

आपल्याकडे घोडनदी आणि भीमेच्या काठांवर, शिरूर-दौंडच्या माळांवर मुरमासाठी जेसीबी चालतो, तेव्हा हे आठवावं. सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढे 'पोटखराबा' लिहिलेलं असतं. तेही एक वर्गीकरणच, पण तिथे कोण राहतं हे न पाहता केलेलं. पेर्टीने निदान डोळे तरी मोजले होते.