जोशी, गजानन अनंत

जोशी, गजानन अनंत : (३० जानेवारी १९११–२८ जून १९८७). हिंदुस्थानी संगीतातील ख्यातनाम व्हायोलिनवादक, गायक व गुरू. जन्म मुंबई येथे. वडील अनंत मनोहर ऊर्फ अंतुबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य व औंध संस्थानचे दरबारगायक. त्यांच्याकडून गजाननरावांना ग्वाल्हेर गायकीची तालीम मिळाली. व्हायोलिन मात्र ते स्वप्रयत्नाने शिकले. त्या काळी हे पाश्चात्त्य वाद्य हिंदुस्थानी मैफलीत मुख्यतः साथीसाठी वापरले जाई. ख्यालाची बढत, मींड व ताना त्यावर उतरवून त्यांनी तरुणपणीच स्वतंत्र वादक म्हणून लौकिक मिळविला. नाव झाल्यावरही त्यांनी जयपूर-अत्रौली घराण्याचे भूर्जीखाँ व आग्रा घराण्याचे विलायत हुसेनखाँ यांचे शिष्यत्व पतकरले. घराण्यांचा अभिमान कडवा असताना हे सोपे नव्हते. पुढे आकाशवाणीवर त्यांनी दीर्घकाळ काम केले. संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक त्यांना १९७२ मध्ये लाभले. व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर, गायिका पद्मा तळवलकर तसेच मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचे अरुण व उल्हास कशाळकर हे त्यांचे प्रमुख शिष्य. एकाच गळ्यात तीन घराण्यांची गायकी सुसंवादाने नांदू शकते, हे या गायकांनी सिद्ध केले. गुरू म्हणून गजाननरावांचे हेच कार्य चिरस्थायी ठरले.