वाँग माऊचा वंश : बर्मीज मांजरांच्या पैदाशीचा इतिहास

बर्मीज या जातीचा आजचा इतिहास 1930 साली सुरू होतो. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतील डॉ. जोसेफ थॉम्पसन यांच्याकडे ब्रह्मदेशातून वाँग माऊ नावाची एक मांजरी आली. चण लहान, अंग भरीव, रंग अक्रोडाच्या सालीसारखा तपकिरी आणि तोंड, कान, पाय व शेपूट त्याहून थोडे गडद. आग्नेय आशियात अशी तपकिरी मांजरे पूर्वीपासून होती. सयामच्या जुन्या हस्तलिखितांत तांबूस-तपकिरी रंगाच्या शुभ मांजरांची वर्णने आणि चित्रे आढळतात. पाश्चात्त्य मांजरप्रेमींना मात्र तोवर सयामी मांजरच ठाऊक होते, आणि वाँग माऊ त्यांना गडद रंगाची सयामीच वाटली. थॉम्पसन यांना तसे वाटले नाही. अमेरिकेच्या नौदलात वैद्यक अधिकारी राहिलेल्या या गृहस्थाने प्रश्नाचा निकाल प्रयोगाने लावायचे ठरवले.

तिच्या जातीचा दुसरा बोका अमेरिकेत नव्हता, म्हणून ताई माऊ या सयामी बोक्याशी तिचा संकर केला गेला. काही पिल्ले सरळ सयामी निघाली, काही आईच्या रंगाची. मग आईच्या रंगाच्या एका मुलाशी वाँग माऊचा पुन्हा संकर केला, तेव्हा तिसऱ्याच प्रकारची पिल्ले दिसली : सर्वांगाने एकसारखी गडद तपकिरी. या गडद पिल्लांचा आपापसात संकर केला की संतती गडदच होई. म्हणजे वाँग माऊ स्वतः निम्मी सयामी होती आणि शुद्ध बर्मीज तिच्या नातवंडांच्या पिढीच्या आसपास उघड झाली. थॉम्पसन, व्हर्जिनिया कॉब आणि आनुवंशशास्त्रज्ञ क्लाइड कीलर यांनी सहकाऱ्यांसह हे निष्कर्ष 1943 मध्ये ‘जर्नल ऑफ हेरेडिटी’त प्रसिद्ध केले. मांजरांच्या इतर बहुतेक जाती डोळ्यांना भावलेल्या रूपावरून ठरल्या. या जातीची व्याख्या मेंडेलच्या नियमांनी झाली, हे तिचे वेगळेपण आहे. 2005 मध्ये रंगाचे कारण जनुकाच्या पातळीवरही सापडले. रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या जनुकात सयामीत एक बदल असतो, बर्मीजमध्ये दुसरा. दोन्ही बदलांमुळे विकर उष्णतेला हळवे होते, त्यामुळे शरीराचे थंड भाग अधिक गडद दिसतात.

मात्र याच प्रयोगात पुढच्या अडचणींचे मूळही होते. मायलेकांचा संकर हा शास्त्रीय प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा रास्त मार्ग होता, पण जातीचा पाया म्हणून तो फार अरुंद होता. म्हणून पैदासकार वरचेवर सयामी मांजरे मिसळत राहिले. अमेरिकेच्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने 1936 मध्ये दिलेली मान्यता याच कारणाने 1947 मध्ये स्थगित केली आणि 1950 च्या दशकात, शुद्ध वंशावळी जमल्यावर, ती पुन्हा सुरू केली. शुद्धतेचा हा आग्रह नोंदवहीच्या दृष्टीने योग्य होता, पण त्याने बाहेरचे रक्त येण्याची वाट बंद केली.

दरम्यान 1949 मध्ये काही मांजरे अमेरिकेहून ब्रिटनला गेली आणि 1952 मध्ये तेथील गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सीने जातीला मान्यता दिली. तिथे 1955 मध्ये निळसर करड्या रंगाचे पिल्लू जन्मले आणि पुढे लाल, क्रीम, कासवी अशा छटांचीही पैदास झाली. ब्रिटिश मांजर सडपातळ, किंचित पाचरीच्या आकाराच्या तोंडाचे राहिले. अमेरिकी मांजर गोल डोक्याचे, जाडजूड होत गेले. ब्रिटिश शाखा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपात पसरली. ब्रह्मदेशातील इन्ले सरोवराच्या काठी 2008 मध्ये ही जात पुन्हा पाळायला घेतली गेली, तीही ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातून नेलेल्या मांजरांपासून. अमेरिकेत याच जातीपासून केंटकीच्या निकी हॉर्नर यांनी 1950 च्या दशकात एक काळेभोर मांजर घडवले. भारतातल्या काळ्या बिबट्याची आठवण ठेवून त्याला ‘बॉम्बे’ नाव मिळाले. मुंबईशी या जातीचे नाते नावापुरतेच.

अमेरिकी शाखेचा सर्वांत दुःखद काळ 1970 च्या दशकात सुरू झाला. काही वंशांत फारच आखूड नाकाची, घुमटासारख्या कपाळाची मांजरे जन्मू लागली. प्रदर्शनांत तीच बक्षिसे जिंकू लागली आणि त्यांच्या बोक्यांना मागणी वाढली. लवकरच त्याच घरांत अशी पिल्ले दिसू लागली की ज्यांच्या कवटीचा वरचा भाग जुळलेलाच नसे, मेंदूचा काही भाग बाहेर असे आणि वरचा जबडा दुहेरी असे. ती जगू शकत नसत. 1983 मध्ये पशुवैद्यकीय साहित्यात या विकृतीचे वर्णन आले, तरी आखूड तोंडाची हौस ओसरली नाही. अखेर 2016 मध्ये लेस्ली लायन्स आणि सहकाऱ्यांनी कारण दाखवले : एएलएक्स1 या जनुकातील छोटासा तुकडा गळालेला. एक प्रत सदोष असेल तर तोंड आखूड होते, दोन्ही सदोष असतील तर पिल्लू मरते. म्हणजे परीक्षकांना मोहवणारा चेहरा आणि जीवघेणी विकृती यांचे मूळ एकच होते. अशा दोन मांजरांच्या संकरात सरासरी चौथा हिस्सा पिल्ले मरणार, हे गणित ठाऊक असूनही असा संकर करणे हे बेजबाबदार पैदाशीचे स्पष्ट उदाहरण आहे. ब्रिटिश संस्थेने अमेरिकेहून आलेल्या बर्मीजची नोंदणीच बंद ठेवली, आणि वारशाचा इतिहास पाहता तो निर्णय योग्यच म्हणावा लागतो.

ब्रिटिश शाखाही निर्दोष राहिली नाही. 1980 च्या दशकात काही पिल्ले दोन ते सहा महिन्यांच्या वयात अचानक अशक्त होऊ लागली. मान खाली झुकते, हनुवटी छातीला टेकते, चाल ताठर होते, मग काही दिवसांनी बरे वाटते आणि पुन्हा झटका येतो. रक्तात पोटॅशियमची पातळी घसरलेली असते. हा अप्रभावी जनुकाचा आजार, म्हणून आईवडील दोघे वाहक असले तरच तो पिल्लांत उतरतो. 2012 मध्ये डब्ल्यूएनके4 या जनुकातला दोष सापडला आणि चाचणी उपलब्ध झाली. आजारी मांजराला पोटॅशियमची पूरके देऊन सांभाळता येते. वाहक मात्र पूर्ण निरोगी असतो.

इथे पैदासकाराला खरी परीक्षा द्यावी लागते. सगळे वाहक नसबंदी करून बाजूला काढले तर आधीच अरुंद असलेला पाया आणखी आक्रसतो आणि नवाच कुठला तरी दोष डोके वर काढतो. म्हणून वाहकाचा संकर चाचणीत मुक्त ठरलेल्या मांजराशीच करून चांगल्या पिल्लांतली मुक्त पिल्ले पुढच्या पिढीसाठी ठेवणे, असा संथ मार्ग जाणकार सुचवतात. मेंदूच्या पेशींत चरबीयुक्त द्रव्य साठवणाऱ्या जीएम2 गँग्लिओसिडोसिससाठीही चाचणी आहे आणि तिथेही हेच तत्त्व लागू पडते. डोक्याच्या विकृतीबाबत मात्र वाहकच बक्षीसपात्र दिसतो. त्यामुळे चाचणीइतकाच प्रदर्शनातील पसंतीचा निकष बदलणे गरजेचे ठरते.

मधुमेहावर असे सोपे उत्तर नाही. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियातील जॅकी रँड यांच्या अभ्यासात बर्मीज मांजरांत हा आजार इतरांपेक्षा बराच अधिक आढळला, आणि ब्रिटनमध्येही तेच दिसले. अमेरिकी शाखेत तसे आढळले नाही, यावरून दोन्ही शाखा किती दूर गेल्या हे कळते. एका जनुकावर बोट ठेवता येत नसल्याने भर पडतो तो सांभाळावर : वजन आटोक्यात ठेवणे, पिष्टमय कोरड्या खाद्याऐवजी प्रथिनयुक्त ओले खाद्य देणे, वय वाढलेले मांजर जास्त पाणी पिऊ लागले तर लगेच रक्त-लघवी तपासून घेणे. या मांजरी सयामींप्रमाणे कमी वयात माजावर येतात, तेव्हा पूर्ण वाढ होण्याआधी संकर टाळणे आणि पिल्ले तेरा आठवड्यांची होईपर्यंत आईपाशी ठेवणे हेही एकूण सांभाळातच येते.

2008 मध्ये अनेक जातींच्या जनुकीय विविधतेची तुलना झाली, तेव्हा बर्मीज सर्वांत कमी विविधतेच्या जातींत निघाली. त्यानंतर अमेरिकेत काही पैदासकारांनी आग्नेय आशियातील तपकिरी मांजरे आणून आपल्या वंशांत मिसळायला सुरुवात केली. शुद्धतेच्या नावाने 1947 मध्ये बंद झालेली वाट त्यांना अशा रीतीने पुन्हा उघडावी लागली.