बावीस प्रतिज्ञा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूर येथे आपल्या अनुयायांना दिलेल्या धम्मप्रतिज्ञा. त्या दिवशी कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी सविताबाई यांनी त्रिशरण-पंचशील घेतले. त्यानंतर समोर जमलेल्या लाखोंच्या समुदायाला आंबेडकरांनी स्वतः दीक्षा दिली आणि या प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. बौद्ध उपासक होण्यासाठी परंपरेने त्रिशरण आणि पंचशील पुरे असते. तेव्हा आणखी बावीस वाक्यांची गरज का भासली, हा प्रश्न अभ्यासकांपुढे पहिल्यापासून आहे. कोणी त्यांत नव्या धर्माचा गोषवारा पाहतो, कोणी जुन्या धर्माशी केलेल्या काडीमोडाचा जाहीरनामा. दोन्ही वाचने खरी असली तरी अपुरी आहेत. गोषवारा म्हणावा तर त्यांत निर्वाण किंवा ध्यान यांविषयी फारसे काही नाही. जाहीरनामा म्हणावा तर हिंदू धर्म सोडण्याच्या आंबेडकरांच्या घोषणेने तो १९३५ साली येवल्यालाच निघाला होता. धर्माने मनाला केलेल्या जखमेवरचा उपचार म्हणून वाचले, तर मात्र या बावीस वाक्यांची निवड आणि त्यांचा क्रम यांचा उलगडा होतो.

जखम कोणत्या प्रकारची होती, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्लिन विनेल यांनी धर्मातून बाहेर पडणाऱ्यांच्या भयाला आणि अपराधभावाला ‘धर्मजन्य आघात’ या अर्थाचे नाव या शतकात दिले. त्यांच्यासमोरचा माणूस कडव्या पंथाच्या आत वाढलेला होता. अस्पृश्याची गोष्ट निराळी. त्याला दाराबाहेर ठेवले होते आणि बाहेर असण्याचे कारण तो स्वतःच आहे असे शिकवले होते. मंगळवेढ्याचा चोखामेळा याचा सर्वांत बोलका साक्षीदार आहे. विटाळापासूनच सगळ्यांचा देह घडतो, मग सोवळा कोण, असा बिनतोड सवाल त्याच्या आणि सोयराबाईच्या अभंगांत येतो. त्याच चोखोबाच्या नावावरच्या दुसऱ्या एका अभंगात मात्र आपला जन्म हे पूर्वी घडलेल्या कृष्णनिंदेचे फळ असल्याची कबुली आहे. एकाच तोंडी सवालही आणि कबुलीही, इथे ही जखम किती खोल गेली होती ते दिसते. मारणाऱ्याचा हात बाहेरचा असतो. पण मार योग्यच होता असे म्हणणारा आवाज आत बसला, की औषध कुठे लावायचे हेच कळत नाही. भक्तीने चोखोबाला आधार दिला, संतमंडळीत जागा दिली, मरणोत्तर समाधीही दिली. ती पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. म्हणजे बाहेरच. आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ हा १९४८चा ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळ्यालाही अर्पण केला, पण त्याची वाट धरली नाही.

दार उघडून जखम भरेल का, हे त्यांनी आधी अजमावून पाहिले होते. महाडला २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर त्यांना मारहाण झाली; तिच्यापेक्षा अधिक बोलकी घटना म्हणजे पुढे पंचगव्य ओतून झालेली तळ्याची शुद्धी. माराने अंग दुखते, शुद्धीने माणूसच घाण ठरतो. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू होऊन काही वर्षे रखडला. सहकारी भाऊराव गायकवाडांना १९३४ साली लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी स्पष्टच म्हटले, की ही चळवळ मूर्तिपूजक होण्यासाठी नव्हती, दलितांत चेतना आणण्यासाठी होती. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरला दहा दिवस उपोषण केले आणि विठ्ठलमंदिर खुले झाले. गुरुजींच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण उघडलेल्या दारातही उघडणारा आणि आत येणारा हा भेद राहतोच. शिवाय मागच्या जन्मीच्या पापाचा हिशेब त्या दाराने पुसला जात नाही.

प्रतिज्ञा नेमक्या इथे हात घालतात. पहिल्या सहा आणि आठवी हे सरळ नकार आहेत: ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, अवतार मानणार नाही, बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म करवून घेणार नाही. देवांविषयीच्या वाक्यांत ‘मानणार नाही’बरोबर ‘उपासना करणार नाही’ हेही वेगळे सांगितले आहे, आणि हा बारकावा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मनातली श्रद्धा हुकमाने जात नाही. हाताला लागलेली सवय मात्र थांबवता येते, आणि हात थांबला की कालांतराने मनही त्याच्यामागून येते. जन्म, लग्न, मृत्यू या तीन प्रसंगी माणूस सर्वांत हळवा असतो आणि विटाळाचा पाठ त्याच वेळी गिरवला जातो. म्हणून श्राद्ध आणि पुरोहित यांना स्वतंत्र कलमे आहेत. याचा पूर्वज जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजात सापडतो: १८७३ साली स्थापन झालेल्या या समाजाने भटाविना लग्ने लावली. कर्माचा हिशेब आंबेडकरांनी दुसऱ्या बाजूने मिटवला. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात, मागच्या जन्मीच्या कर्मावर आजची स्थिती ठरते ही कल्पना त्यांनी बुद्धाची मानलेली नाही. आणि एकविसाव्या प्रतिज्ञेत दीक्षा घेणारा आपला नवा जन्म झाल्याचे सांगतो. जन्माने दिलेली जखम जन्मानेच पुसायची, तीही याच देहात. आत्म्याचा पुनर्जन्म नाकारणाऱ्या धर्मात ही तिरकस गंमत आहे आणि ती अजाणता झाली असेल असे वाटत नाही.

या प्रतिज्ञा नकारात्मक आहेत, परधर्माची निंदा करतात, हा आक्षेप जुना आहे. दिल्लीत ऑक्टोबर २०२२ मध्ये अशाच एका दीक्षासमारंभाला हजर राहिल्यावरून उठलेल्या वादात तिथल्या एका मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. हिंदू धर्माचा त्याग करणाऱ्या एकोणिसाव्या प्रतिज्ञेत जुन्या धर्माविषयीची भाषा कठोर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या वाक्यांचा कर्ता ‘मी’ आहे. दुसऱ्याने काय पुजावे याविषयी त्यांत आज्ञा नाही. आणि नकारांनंतर समता, अष्टांगिक मार्ग, करुणा, चोरी-खोटेपणा-व्यभिचार-मद्य यांपासून दूर राहणे अशी पुढची घडी आहे. काटा काढल्याशिवाय मलम लावले तर जखम आत चिघळते, हे कोणत्याही घरातली आजी सांगेल. दुसरा आक्षेप डाव्यांचा आणि नास्तिकांचा: धर्माने जखम केली तर धर्मच सोडावा, दुसरा कशाला? याचे उत्तर आंबेडकरांनी १५ ऑक्टोबरच्या नागपूरच्या भाषणात दिले आहे. गरिबाला आणि पीडिताला धर्म लागतो, कारण माणूस आशेवर जगतो; मनाचा उत्साह मेला की जीवनच मरते, असा त्याचा आशय. मला हे उत्तर पटते, पण ते सर्वांना लागू पडेल असे नाही. दलितांतल्या अनेक जाती या दीक्षेपासून दूर राहिल्या, आणि ज्याला धर्माशिवाय उभारी मिळते त्याच्यावर ही सक्तीही नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: जखम खरोखर भरली का? महाराष्ट्रात १९५१च्या जनगणनेत बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार. २०११ मध्ये ६५ लाखांवर. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) महारवाड्यातल्या अंगात येण्याचे, पोतराज सोडण्याचे जे चित्र रेखाटते, ते मागे पडले यात या प्रतिज्ञांचा वाटा आहे. तरीही कित्येक घरांत जुने देव दीर्घकाळ टिकले. गावाने तर दीक्षेची दखलच घेतली नाही. उलट राज्ययंत्रणेने ती फारच लवकर घेतली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या आदेशानुसार बौद्ध झालेली व्यक्ती अनुसूचित जातीची राहत नव्हती, जणू प्रतिज्ञा घेताच अस्पृश्यता संपली. ही चूक १९९० साली कायदा बदलून दुरुस्त झाली. आज जन्मतः बौद्ध असलेली तरुण मुले नागपूरच्या दीक्षाभूमीवर एकोणिसावी प्रतिज्ञा म्हणतात, तेव्हा तर्काने पाहता त्यांच्यापाशी त्यागण्यासारखा जुना धर्म उरलेला नसतो. पण गावात त्यांची ओळख आजही अनेकदा जुन्या जातीच्या नावानेच करून दिली जाते.