खुणांची वही

सुरतेत मी राहते त्या वस्तीचं नाव पर्वत पाटिया. इथे डोंगर नाही. पर्वत हे जवळच्या जुन्या गावाचं नाव, आणि गुजरातीत पाटियुं म्हणजे पाटी. हमरस्त्यावरून गावाकडे वाट फुटते तिथे गावाच्या नावाची पाटी असते आणि हळूहळू त्या नाक्यालाच लोक पाटिया म्हणू लागतात. म्हणजे माझा पत्ता मुळात एक खूण आहे, इथून वळा असं सांगणारी. लग्न होऊन इथे आले तेव्हा हे कळलं आणि परक्या शहरात मला पहिल्यांदा ओळखीचं काही सापडलं. मी खुणांच्या घरातली मुलगी आहे.

माझं माहेर झाई. महाराष्ट्राचा किनारा उत्तरेला जिथे संपतो तिथलं तलासरी तालुक्यातलं गाव. पलीकडचा उंबरगाव तालुका १९६०पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, १ मेला तो गुजरातेत गेला. जमिनीवर रेघ ओढली गेली, पण दर्यावर तशी रेघ नव्हती. आमच्या मांगेला समाजाच्या होड्या नारगोल, दमणसमोर पूर्वीसारख्याच जात राहिल्या.

यंदा जूनमध्ये मासेमारीची बंदी लागून होड्या वर ओढल्यावर धाकट्या भावाचा फोन आला. "बाय, सुरतेत जीपीएस बघशील काय? जुना गेला. लय महाग नको, आपली होडी लहान. पण दगा देणारा नको." एक ऑगस्टला दर्या खुला होणार होता. हातात दोन महिने होते. मी कपाट उघडून आधी वही काढली.

ती वही १९८६ सालची आहे. मी आठवीत होते. बाबा तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख. त्यांना अक्षर येत नव्हतं आणि बायकांनी होडीवर जायची आमच्याकडे रीत नव्हती. म्हणून दर्या मी पाहिला तो बाबांच्या तोंडून. त्यांचा चुलता, गावातला सगळ्यांत जाणता तांडेल, त्या वर्षी अचानक गेला आणि त्याच्या डोक्यातल्या जागा त्याच्याबरोबर गेल्या. बाबांनी दुसऱ्याच आठवड्यात मला समोर बसवलं. "मी सांगतो, तू लिही." एकेक करत त्रेचाळीस खुणा उतरल्या.

खूण म्हणजे काय ते सांगते. समुद्रात उभं राहून किनाऱ्याकडे पाहायचं. जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू एका रेषेत आली, म्हणजे बाबांच्या भाषेत एक दुसरीवर चढली, की तुम्ही एका रेघेवर आहात. दुसऱ्या दिशेला तशीच आणखी एक जोडी धरायची. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात ती तुमची जागा. वहीतली सातवी खूण अशी आहे: "सुरूच्या रांगेच्या टोकावर महालक्ष्मी चढली, आणि देवळाचा कळस जोडताडाच्या मधी आला. अकरा वाव. खाली काळा चिखल." महालक्ष्मी म्हणजे डहाणूजवळ विवळवेढ्याचा सुळका. खालच्या महालक्ष्मीच्या देवळापेक्षा तो सुळकाच खलाशांना आधी दिसतो. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, साधारण सहा फूट. शिशाचा गोळा दोरीला बांधून खाली सोडायचा, दोरी हातांनी मापायची, आणि गोळ्याच्या बुडाला लावलेल्या साबणाला चिकटून आलेला गाळ बोटांनी चोळून पाहायचा. वाळू, शिंपल्यांचा चुरा की चिखल, यावरून बाबा अंधारातही जागा सांगत.

एवढा नेमकेपणा हवा होता तो डोलीमुळे. डोल हे पिशवीसारखं जाळं, वाहत्या पाण्याच्या तोंडाशी एका जागी खुंटाला बांधून ठेवायचं. बोंबील, मांदेली, करंदी भरतीओहोटीच्या ओढीबरोबर आपसूक त्यात जातात. जाळं तुमच्या मागे येत नाही, तुम्हालाच त्याच्याकडे परत जावं लागतं. खुंट कुठे ठोकला हे विसरलं तर जाळंही गेलं आणि मासळीही.

सुरतेत आल्यावर कळलं की हे शहरच अशा खुणांवर उभं राहिलं. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध, त्यात खंबातच्या आखाताची भरती. भावनगरकडे पाणी दहा मीटरांवर चढतं. मोठी जहाजं नदीत शिरत नसत, ती सुवाळीच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकत. १६०८मध्ये विल्यम हॉकिन्सचं 'हेक्टर' आलं तेही बांधाबाहेरच थांबलं. टॉम कोरियट नावाचा इंग्रज प्रवासी १६१७च्या डिसेंबरात सुरतेत वारला. सुवाळीजवळ राजगरीला त्याची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे, आणि ती इंग्रजांच्या सागरी नकाशावर खलाशांची खूण म्हणून नोंदली गेली. आमच्या शेजारच्या संजाणचा उंच भाग त्यांच्या नकाशांवर 'सेंट जॉन' झाला. नाव बिघडलं, पण डोंगर जागचा हलला नाही, त्यामुळे जहाजांचं काम भागलं.

गुजरातेत जहाजाला वाट दाखवणाऱ्याला मालम म्हणत. हा शब्द अरबी मुअल्लिमवरून आला, म्हणजे शिक्षक. मालमांच्या हातच्या पोथ्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत तारे, दिशा, अंतरं आणि किनाऱ्याची रेखाटनं आहेत. त्यांच्याकडे कमाल नावाचं साधन असे: लाकडाची लहानशी फळी आणि तिच्या मधोमध ओवलेली गाठींची दोरी. गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजावर, वरची ध्रुवावर. कोणती गाठ जुळते त्यावरून आपण किती उत्तरेला आहोत ते समजे. बाबांना कमाल माहीत नव्हती. पण हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवायच्या आणि वरच्या मुठीला ध्रुव टेकला की घरासमोर आलो, हे त्यांना आज्यानं शिकवलं होतं. झाई आहे २० अंशांच्या जरा वर आणि लांब धरलेली मूठ भरते साधारण दहा अंश. मी हा हिशेब पुढे पडताळला तेव्हा बाबांना फोन करून सांगितला. ते म्हणाले, "मंग आज्यानं काय खोटं सांगितलेलं?"

१९५०च्या दशकात मुंबई राज्यानं होड्यांना इंजिनं बसवायला मदत सुरू केली आणि होड्या दूर जाऊ लागल्या, किनारा दिसेनासा होईल इतक्या दूर. तिथे डोंगर चढायचे थांबतात. मग होकायंत्र आणि घड्याळ: अमुक दिशेला इतका वेळ. मधल्या काळात किनाऱ्यावरच्या खुणाही बदलल्या. १९६९मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र आलं. १९९५मध्ये डहाणूचं औष्णिक केंद्र सुरू झालं, त्याची चिमणी २७५ मीटरची. बाबांनी ती त्याच मोसमात खूण म्हणून धरली, कारण सुरूची झाडं तोपर्यंत तुटली होती. मी वहीत सातव्या खुणेखाली दुरुस्ती लिहिली: "सुरू गेले. चिमणी धरा."

योगायोग असा की अमेरिकेनं आपली जीपीएस व्यवस्था पूर्ण झाल्याचं जाहीर केलं तेही १९९५मध्येच. पहिला उपग्रह १९७८चा. मूळ काम लष्कराचं. १९८३मध्ये वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं, २६९ माणसं गेली, आणि त्यानंतर ही व्यवस्था सामान्यांनाही मिळेल असं अमेरिकेनं सांगितलं. पण सामान्यांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, शंभरेक मीटरपर्यंतची. डोलीच्या खुंटासाठी ती फार झाली. मे २०००मध्ये ती मिसळ बंद झाली आणि चूक दहा-पंधरा मीटरांवर आली. झाईच्या लहान होड्यांत हातातले सेट दिसू लागले ते त्यानंतर.

आमच्या घरी पहिला सेट २००३मध्ये आला. त्या मोसमात बाबा नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभे राहत, जागा आली की "हां, हीच" म्हणत आणि भाऊ बटण दाबे. संध्याकाळी तो आकडे फोनवर सांगे, मी वहीत प्रत्येक खुणेसमोर लिही. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस मिळाल्या. चार जागांच्या दोन्ही खुणा किनाऱ्यावरून नाहीशा झाल्या होत्या. त्या आता फक्त माझ्या अक्षरात आहेत.

पुढचा धडा माझ्या चुकीचा. तीन वर्षांनी सेटच्या सेलच्या खोबणीत खारं पाणी शिरलं आणि तो गेला. भावानं जुना दुसरा घेतला आणि वहीवरून आकडे भरले. वहीत मी "२० १० ५०" असं लिहिलं होतं. ते होतं २० अंश १०.५० मिनिटं. दशांशचिन्ह मी दिलंच नव्हतं. तो सेट अंश-मिनिट-सेकंदावर लावलेला होता, त्यानं ५० सेकंद धरले. एक मिनिट अक्षांश म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. त्या एका टिंबानं सहाशे मीटरहून जास्त फरक पडला. जानेवारीच्या धुक्यात भाऊ दोन तास जाळं शोधत फिरला. शेवटी बाबांनी शिसं सोडलं, चिखल चोळला आणि दक्षिणेला बोट दाखवलं.

म्हणून या वेळी दुकानात गेले ती यादी घेऊन. रंगीत नकाशा नको. आमच्या जागा कुठल्याच नकाशात नाहीत. पडदा उन्हात दिसला पाहिजे. बटणं खरी हवीत, कारण ओल्या, खवलं लागलेल्या बोटांना स्पर्शाचा पडदा ओळखत नाही. आयपीएक्स-७ लिहिलेलं हवं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल. पाण्यात पडला तर तरंगला पाहिजे. साध्या पेन्सिल सेलवर चालावा आणि होडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीलाही जोडता यावा. अंश-मिनिटांची मांडणी बदलता यावी. आणि माणूस पाण्यात पडला तर ती जागा एका दाबात नोंदणारं बटण हवं. दुकानदार म्हणाला, मोबाइलवर फुकट होतं की सगळं. खरं आहे, उपग्रहाचा संदेश घ्यायला नेटवर्क लागत नाही. पण खारं पाणी आणि संपलेली बॅटरी यांच्यापुढे फोन टिकत नाही.

एक गोष्ट मी भावाला समजावून सांगितली. जीपीएस नुसतं ऐकतो, बोलत नाही. होडी कुठे आहे ते होडीला कळतं, किनाऱ्याला नाही. आमच्या पालघरची पोरं पोरबंदर, ओख्याच्या होड्यांवर खलाशी म्हणून जातात, आणि सरहद्दीजवळ पकडली गेली की पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढतात. २००८मध्ये 'कुबेर' होडी पळवून दहशतवादी मुंबईकडे आले, त्यानंतर प्रत्येक लहान होडीच्या ठावठिकाण्याला वेगळा अर्थ आला. आता इस्रोच्या मदतीनं होड्यांवर दुहेरी संदेशाचे ट्रान्सपॉन्डर बसवले जात आहेत. एक लाख होड्यांच्या या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्येच झाला. सरहद्द जवळ आली की ते सावध करतात, संकटात हाक पोचवतात. तो सरकारी डबा लावून घे, असं मी त्याला बजावलं; हातातला सेट त्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे.

शेवटी दोन सेट उरले. एक थोडा महाग आणि बऱ्याच सोयींचा, पण त्याच्या याद्या एकात एक दडलेल्या. दुसरा साधा, पाच-सहा बटणांचा. मी साधा घेतला. भावाच्या होडीवर एकोणीस वर्षांचा खलाशी आहे, पहिल्याच मोसमाचा. तांडेलाला काही झालं तर त्या पोराला होडी घरी आणता आली पाहिजे. ज्ञान एकाच डोक्यात राहिलं की काय होतं ते आमच्या घरानं १९८६मध्ये पाहिलंय. जो सेट होडीवरच्या सगळ्यांच्या हाताला येतो, तोच मला परवडणारा वाटतो.

रात्री गच्चीवर जाऊन एकोणचाळीस जागा मीच भरल्या, प्रत्येक टिंब दोनदा तपासून. भावाला फोन लावून प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून घेतला. झाईची खाडी निवडली तेव्हा पडद्यावरचा बाण दक्षिणेकडे वळला: साठेक सागरी मैल. मग चार रिकाम्या जागांपाशी थांबले. त्यांना आकडे नाहीत. त्या पानाचा फोटो काढून त्या खलाशी पोराला पाठवला आणि खाली लिहिलं: शिसं बरोबर ठेव, आणि कधी काळा चिखल लागला तर बटण दाब.